पद्मावतीऐवजी

माणसं फार शब्द वापरतात असं माझं मत आहे. ते तारघरात बसून झालं, की मी मुळातच तिरसट म्हणून झालं, हे सांगता येणार नाही. घरातल्यांना दुसरं कारण खरं वाटतं. पण बत्तीस वर्षं कानाशी तारेचं यंत्र कडकडत राहिलं की खोडच जडते. 'आम्ही सर्व येथे कुशल असून' असं कोणी सुरू केलं की माझा हात आपोआप लाल शाईकडे जातो. 'पोचलो' एवढं पुरे. पोचला म्हणजे कुशलच असणार.

ही हकीकत मात्र थोडक्यात सांगता येत नाही. दहा वर्षं प्रयत्न करून पाहिला. आज पद्मा शाळेतून परत यायच्या आत लिहून टाकावी म्हणून बसलो आहे. पद्मा म्हणजे माझी थोरली मुलगी. ती इथेच बसवनगुडीत मुलींच्या शाळेत शिकवते आणि आमच्याजवळ राहते. ती आमच्याजवळ का राहते, तीच ही हकीकत.

मी हयवदनराव. आता निवृत्त आहे. सत्तावन्न साली मी एका लहानशा तारघरात तारमास्तर होतो. एक टेबल, एक यंत्र, तारा वाटणारा देवाप्पा आणि मी. यंत्राचा आवाज बारीक, म्हणून त्याच्यामागे मी तपकिरीचा रिकामा डबा अडकवून ठेवला होता. मग ते रस्त्यापर्यंत ऐकू जाई. आमची घराणी तीनशे वर्षांपूर्वी फौजांबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. तारेला मात्र दोन्ही समजत नसत. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत यायचा, आणि सोलापूरकडून बेंगळूरपर्यंत येताना चार-पाच बाबूंच्या हातांतून जायचा. त्यातला एखादा तमिळ, एखादा तेलुगू. त्यांना 'पसंत' म्हणजे काय आणि 'नापसंत' म्हणजे काय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. हमालानं पोत्यात काय आहे ते विचारायचं नसतं.

म्हणून आमच्या धंद्यात एक कडक शिस्त होती. मजकुराला हात लावायचा नाही. चूक दिसली तरी चुकीसकट पुढे धाडायची. ज्याची चूक असेल त्यानं दुसरी तार करावी : अमक्या नंबरच्या तारेत 'सोमवार' ऐवजी 'मंगळवार' वाचा. ती आली की आम्ही मूळ तार काढायची, तेवढा एक शब्द लाल शाईनं खोडायचा, वर नवा लिहायचा आणि बाकीच्या अक्षरांना धक्का लावायचा नाही. एकदा 'मुलगा ऐवजी मुलगी वाचा' अशी दुरुस्ती आली, तोवर आजोबांचे गल्लीभर पेढे वाटून झाले होते. मी हसलो होतो. तेव्हा मला हसू येत असे.

यात एकच गोम होती. तो शब्द तारेत दोनदा आला असेल तर कुठला बदलायचा? नियमाचं पुस्तक सांगतं, उलट तार करून विचारा. आमची वहिवाट होती, पहिला बदला. शब्द दोनदा वापरण्याची चैन तारेत सहसा कोणी करत नाही, त्यामुळे अशी वेळ माझ्यावर साऱ्या नोकरीत तीन-चारदाच आली असेल, आणि प्रत्येक वेळी पहिलाच बरोबर निघाला. पुस्तक कपाटात राहतं, वहिवाट अंगात मुरते.

मला दोन मुली. पद्मावती तेव्हा चोवीस वर्षांची, वसुमती तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी. पद्मा माझ्या वळणावर गेली : उंच, सावळी, मोजकं बोलणारी. वसू आईवर, म्हणजे दिसायला देखणी आणि बोलायला लागली की थांबत नाही. पद्माला पाहायला आलेले लोक उप्पीट खाताना तिच्याकडे पाहत, आणि गोडाचा केसरीभात येईपर्यंत त्यांची नजर आतल्या दाराशी उभ्या वसूवर गेलेली असे. नऊ स्थळं अशी येऊन गेली. दोघांनी तर तोंड उघडून धाकटीला मागितलं. त्यानंतर माझी बायको गोदूबाई पाहायला येणार असले की वसूला सकाळीच मल्लेश्वरमला मावशीकडे धाडून देई.

दहावं स्थळ आलं त्या दिवशी वसूला ताप होता, म्हणून ती घरीच राहिली. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावचे बिंदुमाधवराव, त्यांची बायको आणि मुलगा गुरुराज. गाव सांगत नाही, त्या लोकांचा यात काहीच दोष नाही. गुरुराज सूतगिरणीत इंजिनिअर होता. सरळ, थोडा लाजरा. त्याची नजर कुठे गेली नाही, हे मी नीट पाहून ठेवलं. त्याच्या आईची मात्र गेली. ताप असून पाणी आणून देणाऱ्या वसूला तिनं जवळ बसवून घेतलं, नाव विचारलं, शिक्षण विचारलं. गोदूबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे.

बोलताना निघालं की पद्माला तारेची लिपी येते. ती लहानपणी डबा घेऊन तारघरात यायची आणि ऐकून ऐकून शिकली होती. गुरुराजला गंमत वाटली. तो म्हणाला, तुमचं नाव वाजवून दाखवा. पद्मानं समोरचं फुलपात्र जवळ ओढलं आणि बोटातल्या अंगठीनं त्याच्या कडेवर ठोके दिले. सगळ्यांनी कौतुक केलं. मी मान खाली घातली, कारण त्या खोलीत ती लिपी कळणारा दुसरा माणूस मीच होतो. तिनं आपलं नाव वाजवलं नव्हतं. तिनं गुरुराज वाजवलं होतं.

ते मी कोणाला सांगितलं नाही. गोदूबाईलाही नाही. पण त्या दिवसापासून मला झोप येईना. आधीच्या नऊ स्थळांना पद्मा 'सरी', म्हणजे कन्नडमधलं 'बरं', म्हणून सामोरी गेली होती आणि 'सरी' म्हणून विसरली होती. या वेळी तिला काहीतरी हवं होतं. मुलीला काही हवं असणं ही बापाला फार घाबरवणारी गोष्ट आहे.

मंडळी परत गेली. ज्येष्ठातले मुहूर्त थोडे उरले होते, म्हणून कळवतो ते तारेनंच कळवतो असं बिंदुमाधवराव म्हणाले होते. पाचव्या दिवशी शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला यंत्र बोलायला लागलं आणि पहिल्या शब्दात माझं नाव आलं. बत्तीस वर्षांत माझ्या नावाची तार मीच घेण्याची ती दुसरी वेळ. पहिली माझा भाऊ गेल्याची होती. मी एकेक अक्षर उतरवत गेलो.

पद्मावती पसंत मुहूर्त कळवा पद्मावती फोटो पाठवा. बिंदुमाधव.

देवाप्पा समोर उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. त्यानं न विचारता माझी टोपी हातात दिली आणि म्हणाला, जा, मी बघतो. तारघर सोडून मी कधी गेलो नव्हतो. गेलो. पान-सुपारीच्या दुकानदारालाही वाटेत सांगितलं. मुलीला पाहून गेल्यावर फोटो कशाला, असं एकदा मनात आलं, पण घरी आजीबिजी असेल, तिला दाखवायचा असेल. सुखाच्या तारेत खुसपट काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

गोदूबाईनं तार देवापुढे ठेवली आणि केसरीभात टाकला. वसूनं अक्काच्या गळ्यात पडून तिला गुदमरवलं.  पद्मा मी जेवत असताना वाढायला आली तेव्हा तिनं मला भात वाढला, तूप वाढलं आणि वाढून झाल्यावरही तिथेच उभी राहिली. तेवढं पुरलं मला.

जेवून मी तारघरात परतलो. साडेतीनला पुन्हा यंत्र वाजलं. गाव तेच होतं.

आमची आजची तार पद्मावती ऐवजी वसुमती वाचा. बिंदुमाधव.

मी ते उतरवून घेतलं आणि मिळाल्याची खूण परत वाजवली. हात शिकलेले असतात, ते आपलं काम करतात. मग मी खुर्चीत मागे टेकलो. राग आला असता तर बरं झालं असतं. मला नवल वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट. मनाच्या एका कोपऱ्यात कोणीतरी म्हणालं, हं, हे आता ओळखीचं झालं.

नाव दोनदा होतं हे मला दिसलं. मी काही नवखा नव्हतो. पुस्तकाप्रमाणे मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं : पहिली की दुसरी? पण विचारायचं म्हणजे मोठ्या तारघरातल्या बाबूपासून तिकडच्या बाबूपर्यंत सगळ्या ओळीनं ते ऐकायचं. हयवदनराव विचारतात, माझी कुठली मुलगी पसंत आहे? आणि उत्तर काय येणार हे जणू मला ठाऊकच होतं. ते पुन्हा एकदा, सगळ्यांच्या कानांवरून, अक्षर-अक्षर ऐकायचं माझ्यानं होईना. आमची वहिवाट होतीच. मी लाल शाईची दौत आणि टाक घेतला आणि पाच वाजता घरी आलो.

पद्मा ओसरीवर फोटो शोधत बसली होती. मी दुरुस्तीची तार तिच्या हातात दिली. तोंडानं सांगणं मला जमलं नसतं. तिनं ती वाचली. मग आत जाऊन देवापुढची तार आणली आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. आमच्या ओळीवरच्या कुठल्याही बाबूनं कधी पाहिलं नसेल इतक्या शांतपणे पाहिल्या.

"अण्णा," ती म्हणाली, "नाव दोन जागी आहे. कुठलं बदलायचं?"

"काही लिहिलं नसलं तर पहिलं. तशी रीत आहे."

"विचारता येत नाही?"

"येतं," मी म्हणालो. आणि मग जे म्हणालो ते आयुष्यातून खोडता येईल अशी लाल शाई मला कुठे मिळाली नाही. "पण त्यात विचारण्यासारखं काय आहे, पद्मा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाद घालेल असं मला क्षणभर वाटलं. घालायला हवा होता. मी तिरसट आहे, पण ऐकलं असतं.

"सरी," ती म्हणाली आणि दौतीचं झाकण तिनंच काढून दिलं.

मी पहिली पद्मावती खोडली. वर वसुमती लिहिलं. आता तार अशी झाली : वसुमती पसंत मुहूर्त कळवा पद्मावती फोटो पाठवा. आणि ही तार पहिल्या तारेपेक्षाही नीट लागली, हेच मोठं दुर्दैव. वसूला त्यांनी पाहिलं होतं, तिच्या फोटोचं काम नव्हतं. थोरलीला नाकारलं तरी लोक सज्जन, तेव्हा तिच्यासाठी आपल्या ओळखीत दुसरं स्थळ बघणार, म्हणून तिचा फोटो. गोदूबाईनं असंच लावलं, आणि मीही तसंच लावलं. वाक्य निरर्थक झालं असतं तर मी विचारलं असतं. ते अर्थपूर्ण झालं.

त्यानंतरचे दोन दिवस घरात वसूचं रडणं चालू होतं. तिनं जेवण सोडलं. अक्काला पाहायला आलेल्या माणसाशी मी लग्न करणार नाही म्हणाली, आणि ते तिला शोभलं असं मला वाटलं. मीही नकार कळवायच्या विचारात होतो. तिला समजावलं पद्मानंच. दार लावून दोघी दुपारभर आत होत्या. काय बोलणं झालं ते कळलं नाही. वसू बाहेर आली ती सुजलेल्या डोळ्यांनी, पण जेवायला बसली. पद्मानं मला एवढंच सांगितलं की घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे, माझ्यापायी वसूचं अडवू नका. आणि गोदूबाई म्हणाली, एकीचं तरी होऊ दे. तिचंही काय चुकलं? नऊ वेळा केसरीभात करून माणूस थकतो.

सोमवारी मी माझ्याच यंत्रावर बसून वाजवलं : वसुमती मान्य. पुढे मुहूर्ताची तारीख. पद्माचा फोटो देवाप्पानं पोस्टात टाकला.

आठवड्यानं बिंदुमाधवरावांचं पत्र आलं. जुन्या वळणाचं, पानभर मायना. त्यात एक ओळ होती : 'आपण कळविल्याप्रमाणे चि. वसुमती हिचा आम्ही आनंदाने स्वीकार करीत आहो. ईश्वरेच्छा व आपली इच्छा तीच आमची.' आपण कळविल्याप्रमाणे या शब्दांपाशी मी थबकलो. कळवलं तर त्यांनी होतं. पण पत्रात माणसं काहीही लिहितात, फार शब्द वापरतात, हे माझं मत होतंच. मी पुढे वाचत गेलो.

लग्न बनशंकरीच्या देवळाजवळच्या छत्रात, म्हणजे इकडच्या धर्मशाळेत, झालं. सगळं नीट पार पडलं. पद्मानं वसूच्या केसांत फुलं माळली, पंगतीत वाढलं, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी काढलं. गुरुराज बोहल्यावर खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, लाजरा मुलगा आहे. दोन दिवसांत तो पद्माशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, त्याला अवघडल्यासारखं होत असेल. मला त्या महिन्यात जे जे दिसलं त्या प्रत्येकाचा मी चुकीचा अर्थ लावला, आणि प्रत्येक वेळी तो अगदी चपखल बसला.

निघायच्या दिवशी दुपारी सामान बांधून झाल्यावर बिंदुमाधवरावांनी मला बाजूला घेतलं. छत्राच्या मागच्या ओसरीवर आम्ही दोघेच होतो. त्यांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. आत पद्माचा फोटो होता.

ते म्हणाले, हा परत करायचा राहून जात होता. तुमच्याकडून गडबडीत चुकून आला असणार. मी म्हणालो, चुकून कसा, आपणच मागवला होता. तेव्हा ते हसले आणि म्हणाले की त्यांनी वसुमतीचा मागवला होता, त्यांच्या धाकट्या मुलासाठी, नंदकिशोरसाठी. बायकोला ती पोर आवडली होती. पहिल्या तारेत फोटोपुढेही घाईत पद्मावतीच लिहिलं गेलं, म्हणून दुपारी परत जाऊन दुरुस्ती केली. पण मग तुमची तार आली की थोरल्यासाठी वसुमती देतो. तेव्हा नंदकिशोरचा विषय आम्ही सोडूनच दिला.

मी ऐकत होतो. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता, डब्याची गरज नव्हती.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"व्याहीबुवा, रागावू नका, एक विचारतो. इतके दिवस विचारणं बरं दिसलं नाही. आमच्या गुरुराजच्या मनात तुमची थोरली भरली होती. तिनं नको म्हटलं म्हणून तो आठ दिवस कुणाशी बोलला नाही. मुलीला आमच्यात काय कमी वाटलं?"

पुढच्या अंगणात टांगे उभे होते. वसू आईच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मधूनच हसतही होती, कारण गुरुराजनं तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मी खरं सांगितलं असतं तर ते कुणाला द्यायचं होतं? या माणसाला सांगून तो काय करणार होता? मुलाला सांगणार? मुलगा त्या टांग्यात माझ्या धाकट्या मुलीशेजारी बसणार होता, आज आणि जन्मभर. अमक्या मुलीऐवजी तमकी वाचा, अशी तार आता कुठल्या घराला करायची?

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं :

"पोरीची मर्जी."

म्हणजे मी ते पद्मावर ढकललं. जिच्यासाठी नऊ स्थळांच्या विनवण्या केल्या, जिनं फुलपात्रावर त्याचं नाव वाजवलं, तिनं त्याला झिडकारलं असं मी तिच्या सासऱ्याला सांगितलं. सासरा म्हणालो बघा. अजून तसंच येतं.

मागे बांगड्या वाजल्या. पद्मा तांबुलाचं तबक घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते विचारायची सोय नव्हती. तिचा चेहरा पाहून कळलं की सगळा वेळ. ती पुढे आली, तबक बिंदुमाधवरावांपुढे धरलं. त्यांना फार संकोच झाला. ते म्हणाले, पोरी, माझं ऐकलंस, वाईट वाटून घेऊ नकोस.

"नाही," पद्मा म्हणाली. "अण्णा म्हणाले ते खरं आहे. माझीच मर्जी."

त्यांनी विडा उचलला. तिनं वाकून नमस्कार केला. 'सौभाग्यवती भव' म्हणाले. टांगे निघाले. मी सगळ्यांबरोबर हात हलवला असणार. आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. मला अजून आशा होती, आणि कसली ते मलाच समजत नव्हतं. बिंदुमाधवरावांचाच काही घोळ झाला असेल, त्यांनी फॉर्मावर भलतंच लिहिलं असेल, म्हणजे दोष माझा एकट्याचा नसेल, एवढीच आशा असावी. अकरा वाजता ओळ मोकळी झाली तेव्हा मी त्या गावाला उलट तार केली. नंबर आणि तारीख दिली आणि विचारलं : दुरुस्तीच्या फॉर्मावर पद्मावती पहिली की दुसरी?

उत्तर आलं तेव्हा देवाप्पा चहा घेऊन परतलाही नव्हता. तिकडच्या बाबूनं फाइल काढून पाहिलं होतं. फॉर्मावर स्पष्ट लिहिलेलं होतं : दुसरी पद्मावती ऐवजी वसुमती वाचा. वाटेत कुठेतरी, ज्याला मराठी येत नव्हतं अशा कुणाच्या तरी हातून, एक शब्द गळला होता. तसे गळतात. म्हणून तर विचारायचं असतं.

मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली होती.

त्या दिवशी तीन तारा चुकवल्या. देवाप्पानं नुसता तपकिरीचा डबा नीट बसवून दिला. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. चूक मोठी असेल तर रडावं, आणि ही चूक वीस मिनिटांएवढी होती. मी विचारलं नाही ते वहिवाट म्हणून नाही. पद्मा कुणाला पसंत पडेल यावर माझाच विश्वास नव्हता. बाकीच्यांचा नसता तर चाललं असतं.

संध्याकाळी घरी आलो. गोदूबाई शेजारी फराळाचं वाटायला गेली होती. पद्मा ओसरीवर लग्नातली मोठी सतरंजी पसरून बसली होती आणि तिच्या विणीत अडकलेल्या अक्षता वेचत होती. पिवळे तांदूळ एकेक उचलून वाटीत टाकत होती. मी चपला काढल्या आणि तिथेच उभा राहिलो. तिनं मान वर केली नाही.

"अण्णा, दुसरी होती ना?"

मी होय म्हणालो.

"विचारलंत?"

"आज विचारलं."

"किती वेळ लागला?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. दोन दिवस लागले म्हणावं. ओळ बंद होती म्हणावं. त्या शनिवारी विचारून काही उपयोग झाला नसता असं काहीतरी म्हणावं. तीसुद्धा मी ते म्हणावं म्हणून थांबली असेल, असं मला आज वाटतं.

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

 तिनं उरलेले दोन-चार दाणे वेचले, वाटी बाजूला सरकवली आणि उठली.

"सरी," ती म्हणाली. "ते टोक धरा स्वल्प. घडी करू या."

मी टोक धरलं. सतरंजी जड होती, एकट्यानं होण्यासारखी नव्हती. आम्ही दोघांनी मिळून तिची घडी केली आणि माळ्यावर ठेवून दिली.